वालावलच्या वाढत्या नारळांचं प्रकरण

"मी मंगेश कांदळगावकर. गुन्हेगार माझ्यापासून लपेल, त्याची सरासरी लपणार नाही. तीस वर्षं एका हायस्कुलात हजेरीपट सांभाळताना, जत्रेच्या दिवशी मुलं गैरहजर राहतात, हा पॅटर्न मी एकट्याने शोधून काढला. तेव्हा त्याला कोणी विचारत नव्हतं. आज जग त्यालाच डेटा म्हणतं. माझी नजर आकड्याच्या आरपार जाते. कधी कधी इतकी आरपार, की आकडा अलीकडेच राहतो."

हे मंगेशदादांचं माहितीपत्रक. शेवटचं वाक्य माझं आहे. छापखान्यात कागद द्यायला मी गेलो होतो, तेव्हा घातलं. पाचशे प्रती वाटून झाल्या, अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

मी अरशद. मालवणात माझी रिक्षा आहे, आणि मंगेशदादांच्या मते मी त्यांचा सहायक आहे. माझ्या बायकोचं, फातिमाचं, बाजारात बांगड्यांचं दुकान आहे. त्याच्या एका कोपऱ्यात दादांचं टेबल आणि घड्याळवाल्याकडून आणलेलं भिंग, एवढं कार्यालय. आमच्या मुलीचा दहावीचा फॉर्म शेवटच्या दिवशी धावत जाऊन त्यांनी भरला होता. फातिमा उपकार विसरत नाही. मीही विसरलेलो नाही, पण मला आवडलं असतं.

डेटाला मराठीत 'विदा' म्हणतात, हे दादांनी पेपरात वाचलं आणि लगेच पाटी रंगवायला दिली. पेंटर पेपर वाचत नाही. त्यामुळे पाटीवर आलं, 'विडा-शोधक मंगेश कांदळगावकर'. आठवड्याला चार माणसं चौकशीला येतात. त्यातली तिघं मसाला पान मागतात, चौथा नुसता चुना.

मंगळवारी सकाळी दहाला दिव्या आली ती मात्र पान मागायला नाही. ही पुण्याची मुलगी नारळावर संशोधन करते आणि तारकर्लीला एका घरात खोली घेऊन राहते. सोबत कौस्तुभ होता. तोही पुण्याचा, बाजारपेठांचा अभ्यास करणारा. दिव्याने टेबलावर एक कागद पसरला. त्यावर एक रेघ डावीकडून निघून घाट चढावा तशी वर गेली होती.

"हे वालावलचे नारळ," ती म्हणाली. "तिथल्या माडांना पांढरी माशी लागलीय, नारळ धरत नाहीत, अशी तक्रार होती. म्हणून चाळीस घरांच्या नोंदी आम्ही नऊ महिने घेतोय. माड माझ्या डोळ्यांसमोर वाळतायत. आणि नारळ वाढतायत."

"मग अभिनंदन," मंगेशदादा म्हणाले.

"काका, उद्या अकराला आमचे सर येतायत. ते म्हणतात, दोनच शक्यता. एक तर रोगच नाही, मग काम बंद. नाहीतर मथुराताईंनी घरी बसून आकडे ठोकले, मग त्यांना काढायचं. आणि तसं लेखी लिहायचं."

मथुराला मी ओळखतो. वालावलची बाई, चाळिशी ओलांडलेली. चाळीस घरं पायी फिरून नोंदी घेते आणि मंगळवारी-शुक्रवारी कौस्तुभसाठी आमच्या बाजारात येते. तिच्या शब्दावर गावात लोक सोयरिकी जुळवतात. तिच्या नावापुढे 'खोटारडी' असं कोणी लेखी लिहिलं, तर वालावलात तिला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

"नोंदी होतात कशा?" दादांनी भिंग उचललं.

"मथुराताई फोनवर बोलतात. कॉम्प्युटर ते ऐकतो, त्यातले शब्द ओळखतो, आकडे काढतो आणि आलेख करतो. मध्ये माणूस नाहीच."

"म्हणजे चुकायला कोणी नाही," दादा म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

मग कौस्तुभने घसा खाकरला. त्याच्याही बाजाराच्या नोंदी तशाच होतात, पण त्याचं दुखणं आणखी विचित्र होतं. मथुरा बाजारात असते त्या दिवशी, बरोबर दुपारी एक वाजता, मालवणात दुकानं वाढतात. कधी पस्तीस, कधी चाळीस. पुढच्या खेपेला मोजावीत तर पहिल्याइतकीच.

दादांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. एवढी मोठी केस त्यांच्याकडे आजवर आली नव्हती. याआधीची सर्वांत मोठी केस छत्रीची होती, आणि ती त्यांच्याच हातात सापडली होती.

त्यांनी आधी कागद उलटा धरला. रेघ तरीही चढतीच. "बघितलंस, अरशद? उलटं केलं तरी वाढच. गुन्हेगार तयारीचा आहे."

पहिला सिद्धांत साडेदहाला आला. आलेखात सर्वांत उंच टोक नारळी पौर्णिमेचं होतं. "त्या दिवशी अख्खं मालवण समुद्राला नारळ देतं," दादा म्हणाले. "भरती आली की तेच नारळ कर्ली नदीतून वर जातात आणि वालावलला लागतात. समुद्र परत करतोय."

मी विचारलं, "दादानू, तुमी इतकी वर्सां नारळ टाकतास. येक तरी परत घराक इलो?"

"त्याचा डेटा नाही," ते म्हणाले.

दुसरा सिद्धांत अकराला. नारळ सोमवारी आणि गुरुवारी जास्त वाढतात, आणि त्याच दोन दिवशी बाजारात मासळी कमी खपते. दादांनी डोळे मिटून बोटं जुळवली. "मासे उतरले की नारळ चढतात. न खाल्लेल्या माशांचं काय होतं, हा खरा प्रश्न आहे."

कौस्तुभचा चेहरा पडला. "काका, दोन गोष्टी एकाच दिवशी वरखाली झाल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही."

"तुमच्या पुण्यात होत नसेल."

दिव्याने त्यांना समजावून बघितलं. डॉक्टर तापाच्या नोंदींतून साथ ओळखतात, हवामानवाले शंभर वर्षांच्या पावसातून पुढचा पाऊस बघतात, भाषेवाले जुन्या पत्रांतले शब्द मोजून ते कोणी लिहिलं ते सांगतात. विषय वेगळे, काम एकच. ढीगभर नोंदींत काही नक्षी दिसते का ते बघायचं, आणि दिसली की आधी आपल्याच डोळ्यांवर संशय घ्यायचा. यातलं पहिलं वाक्य दादांनी लिहून घेतलं आणि शेवटचं सोडून दिलं.

"नक्षीच बघूची तर हंयसर बघा," फातिमा काचेच्या कपाटातून बांगड्यांचे खोके काढत म्हणाली. "निदान हातात तरी भरूक येता."

तिसरा सिद्धांत दुकानांचा. "दुपारी एकला आपल्या बाजारात चिटपाखरू नसतं," दादा म्हणाले. "सगळे जेवून आडवे झालेले. आणि नेमकी तेव्हाच चाळीस दुकानं वाढतात. गिऱ्हाईक नाही त्या वेळी वाढणारं दुकान सरळ असेल का? मालवणात समांतर बाजार चालू आहे." त्यांनी मला बाहेर जाऊन समांतर बाजार बघून यायला सांगितलं. मी समोरच्या टपरीवर चहा पिऊन आलो आणि सांगितलं, दिसला नाही. ते म्हणाले, "म्हणजे आहे."

आणि साडेबाराला चौथा सिद्धांत पायऱ्या चढून आत आला. मथुरा स्वतःच. खांद्याला पिशवी, हातात फोन. बोलणं टिपायचं बटण दाबूनच ती बाजारात शिरते.

दादांनी तिला स्टुलावर बसवलं. "नारळ वाढतात, तिथे मथुरा. दुकानं वाढतात, तिथेही मथुरा. दोन्ही आलेखांत समान गोष्ट एकच आहे." ते तिच्याकडे वळले. "मथुराबाई, खरं सांगा. नोंदी घ्यायला जाता की घरी बसून लिहिता?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला दादांचं पटलं. चारातला एकच सिद्धांत शहाण्या माणसाला शोभणारा होता, आणि नेमका तोच सर्वांत वाईट होता.

मथुराला आधी कळलंच नाही. दिव्याने मान खाली घालून तिला सरांचं सगळं सांगितलं, तेव्हा तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं.

"माझ्या चपलांचे दोन जोड झिजले," ती म्हणाली. "राधाबायच्या घराक जावक वयंगणीच्या शेतातून वाट आसा, पावसात कंबरभर पाणी. थंय जाऊन मी लिवन हाडलंय. आनि मी खोटा सांगतंय?" तिने हात टेबलावर आपटला. हातातली काच खळकन वाजली.

फातिमा चटकन पुढे झाली. "सांबाळ गो बाय, लागात. वाढली मगे दोन काकणां."

मथुराच्या फोनने टुक असा आवाज केला.

फोन टेबलावरच होता. पडद्यावर आलेली ओळ फातिमाने वाचली. 'बांगड्या: अधिक दोन.' तिने पडदा बघितला, मग जमिनीवरचे काचेचे तुकडे बघितले, मग मथुराचं रिकामं झालेलं मनगट बघितलं.

"ह्या मशीन खंयच्या शाळेत गेल्ला?" तिने विचारलं.

फातिमा बांगड्या विकते. तिच्या दुकानात आजवर एकही बांगडी फुटलेली नाही, लाखो वाढल्यात. सवाष्णीच्या हातातल्या काकणाला फुटलं म्हणायचं नाही, हे तिला कोणी शिकवलेलं नाही, तसं ते आम्हाला कोणालाच कोणी शिकवलेलं नाही.

"मथुरा, तुजी राधाबायची नोंद वाच बघया."

मथुराने डोळे पुसून वही उघडली. "राधाबाय. नारळ पाडले साठ. सोमवारी देवळात वाढयले पाच."

टुक. 'नारळ: उणे साठ. नारळ: अधिक पाच.'

दिव्या खुर्चीत बसली. बसली म्हणजे खाली खुर्ची होती हे नशीब. "शब्दांची यादी मीच केली होती," ती पुटपुटली. "'वाढ' दिसलं की अधिक. 'पड', 'पाड' दिसलं की उणे."

माडावरून काढलेला प्रत्येक नारळ नऊ महिने वजा होत होता, आणि देवापुढे फोडलेला प्रत्येक नारळ जमा होत होता. माड वाळले, पाडायला नारळ उरले नाहीत, म्हणून वजा करायलाही काही उरलं नाही, आणि रेघ आपली ऐटीत वर. नारळी पौर्णिमेला घरोघरी नारळ वाढवला गेला तेव्हा तर ती आभाळाला टेकली. आम्ही सगळे मराठीच. जन्मभर नारळ वाढवत आलोय. पण कागदावर रेघ आली, आणि आमचे कान बंद झाले.

फातिमाने तो कागद उचलला, पाठमोरा केला, खालची कड वर घेतली आणि दाराच्या उजेडासमोर धरला. कागदातून रेघ दिसली. आता ती घाट उतरत होती, सरळ खाली, राधाबाईच्या माडांसारखी.

"आणि दुकानं?" कौस्तुभने हळूच विचारलं.

फातिमाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एक वाजला होता. "ता काय इचारतास? माका आता दुकान वाढवूचा आसा. उठा सगळे, माका भूक लागली हा."

पण उठलं कोणी नाही, कारण मथुरा बोलायला लागली. आवाज चढवला नाही तिने. "नऊ म्हयने माझा बोलणा ती मशीन आयकता हा. तुमच्यातल्या येकान तरी कदी आयकल्यान? माका इचारला आसता, मथुरा, वाढयले म्हणजे काय गो, तर मी सांगलंय नसतंय?"

दिव्याने तिचे दोन्ही हात धरले. "ताई, माझं चुकलं. चूक माझी आणि नाव तुमचं जात होतं."

मला लाज वाटली. दादांचं जाऊ द्या, त्यांना लाज वाटायला आधी डेटा लागतो. पण मी या बाईला वीस वर्षं ओळखतो, आणि एका रेघेवरून मी तिच्यावर संशय घेतला. संध्याकाळी तिला रिक्षाने वालावलपर्यंत सोडून आलो, पण 'माझं चुकलं' एवढंही वाटेत बोलता आलं नाही. फातिमाने मात्र जेवण बाजूला ठेवून तिच्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, त्या वाटभर किणकिणत होत्या.

दुसऱ्या दिवशी अकराला सर आले. दिव्याने त्यांना आलेख दाखवलाच नाही, मथुराचा आवाज ऐकवला. "देवळात वाढयले पाच" ऐकल्यावर सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. ते सांगलीकडचे, त्यांच्या घरीही नारळ वाढवतातच. काम चालू राहिलं. माशीवर औषध बघायला माणसं येणार आहेत, आणि शब्दांची यादी यापुढे मथुराने बघितल्याशिवाय कॉम्प्युटरला द्यायची नाही, असं ठरलं. तेवढं मात्र लेखी.

मंगेशदादांनी केसच्या वहीत शेवटची नोंद केली: 'सर्व रहस्याच्या मुळाशी मथुरा आहे, हे आम्ही साडेबारालाच सांगितले होते.'

फातिमाने उपकाराची मुदत त्याच आठवड्यात संपवली. "दादानू, लग्नसराई इली. माका माझो कोपरो व्हयो." दादा मोठ्या मनाचे आहेत. त्यांनी भिंग खिशात घातलं, टेबल माझ्या रिक्षात घातलं, आणि पाटी तेवढी आठवण म्हणून राहू दिली.

शुक्रवारी मथुरा बाजाराच्या नोंदी घेत आमच्या दाराशी आली. दिव्याचं यंत्र दुरुस्त झालं होतं. कौस्तुभचं व्हायचं होतं. त्याचे सर पुढच्या महिन्यात येणार होते. मथुराने रिकाम्या कोपऱ्याकडे बघून फोन पुढे केला. "हंयच्या कार्यालयाचा काय झाला?"

"वाढयला," मी म्हटलं.

टुक. 'कार्यालये: अधिक एक.'

मथुराने माझ्याकडे बघितलं, मी मथुराकडे. त्या मंगळवारनंतर पहिल्यांदाच ती हसली, आणि मला जे रिक्षात बोलता आलं नव्हतं ते बोलल्यासारखं झालं.

कौस्तुभने तो आलेख त्याच संध्याकाळी दादांना दाखवला. तेव्हापासून ते नवीन माहितीपत्रक वाटत फिरतायत: 'आता आमची दुसरी शाखा.' ती कुठे आहे, हे ते मला रोज विचारतात. मला सांगता येईल, पण असल्या गोष्टी फोडायच्या नसतात. वाढवायच्या असतात.