आभाळाला गॉगल

"आज त्या आभाळाला गॉगलच घालतो!" चष्मेवाल्यांनी सकाळी चहाचा कप टेबलावर आपटत जाहीर केलं. "बघतोच कसं पांढरं पडतं ते!"

चष्मेवाले म्हणजे जन्मभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवून निवृत्त झालेले गृहस्थ. आता ते एका जुन्या लाकडी कॅमेऱ्याच्या नादी लागले होते. कॅमेरा कसला, पेटाराच तो! पुढे भिंग, मध्ये भाता, मागे दुधी काच आणि त्यावर काळं फडकं. फडक्यात डोकं खुपसायचं आणि काचेवर चित्र बघायचं, तेही उलटं! झाडं वरून लोंबतात, आभाळ पायाशी. मग काचेपुढे फिल्मचा तळहाताएवढा ताव सरकवायचा, म्हणजे काचेवरचं दिसणं बंद, आणि देवावर हवाला ठेवून फोटो घ्यायचा. एका फोटोला अर्धा तास! बायको म्हणायची, "एवढ्या वेळात माझा स्वयंपाक होतो. आणि तो सुलटा असतो."

पण खरं दुखणं वेगळंच होतं. त्यांची थोरली बहीण, ताई, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पलंगावर पडून होती. खिडकीतून दिसायची समोरची भिंत. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरात चाला, पण चढ कायमचा विसरा. आणि तळ्याकाठच्या त्या टेकडीवर तर दोघांचं सगळं लहानपण गेलेलं! गवतात उताणं पडून ताई ढगांची ओळख करून द्यायची. "हे पोट सुटलेले हेडमास्तर. मागून तणतणत येतेय ती त्यांची बायको."

"बाळ्या, मला ते आभाळ आणून दे रे," एवढंच ती म्हणाली होती.

बाळ्यानं तीनदा आणलं. तिन्ही वेळा टेकडी झकास, तळं झकास, गवताची पाती मोजून घ्यावीत अशी. आभाळ मात्र चुना फासल्यासारखं पांढरंफटक! वरचा उजेड एवढा की फिल्म बिचारी दिपूनच जायची. ताई दर वेळी म्हणायची, "टेकडी अगदी हुबेहूब हं!" आभाळाबद्दल चकार शब्द नाही. चष्मेवाल्यांच्या जिवाला तेच लागलं होतं.

म्हणून हा गॉगल. अर्धी काळसर, अर्धी स्वच्छ अशी चौकोनी काच. भिंगापुढे धरली की आभाळाचा तोरा उतरतो, जमीन आहे तशी राहते. फिल्मचा ताव मात्र एकच उरला होता.

टेकडीवर पोचल्यावर कळलं, काच अडकवायची चौकट घरीच राहिली, चहाच्या कपाशेजारी!

"त्यात काय, मी धरते," बायको म्हणाली आणि काच घेऊन भिंगाशी उभी राहिली. चष्मेवाले फडक्यात शिरले.

"थोडी वर घे! अगं वर! खाली काय नेतेस?"

"वरच नेली की!"

"मला खाली गेलेली दिसतेय!"

"अहो, मी वर बघतेय ना, आभाळाकडे!"

"आभाळ खाली आहे!" फडक्यातून गर्जना झाली. "आभाळ खाली आणि जमीन वर, एवढी साधी गोष्ट कळत नाही तुला?"

नेमकी त्याच वेळी फिरायला आलेली एक नर्स नवऱ्यासह मागून जात होती. तिनं आव पाहिला ना ताव, चष्मेवाल्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं आणि गवतात आडवं केलं.

"घेरी आलीय यांना! पाय वर धरा हो!" नवऱ्यानं मुकाट्यानं पाय उचलले. "काका, मला सांगा, आभाळ कुठंय?"

"काचेत? खाली!"

"अहो, अजून वर धरा पाय!"

चष्मेवाले ओरडणार, एवढ्यात त्यांचं लक्ष वर गेलं. किती वर्षांनी त्या गवतात उताणे पडले होते ते! आणि टेकडीमागून एक ढग येत होता. ऐसपैस, डुलत, पोट सुटलेला.

"सोडा मला! हेडमास्तर आले!"

"अगंबाई, भासही व्हायला लागले!" नर्स म्हणाली.

"सोडा हो त्यांना," बायको काच सावरत म्हणाली. "हे वेड जुनंच आहे, आजचं नाही."

चष्मेवाले झेपावले. ताव सरकवला, दुधी काच झाकली गेली. "काळी बाजू खाली धर! आभाळ खालीच होतं!" असं फर्मान सोडून त्यांनी बटण दाबलं. मोजताना डोळे मिटायची त्यांना सवय होती. एक, दोन, झालं!

उतारावर निम्म्या वाटेत ते थबकले आणि मटकन एका दगडावर बसले.

"अगं, उलटं चित्र मागच्या काचेवर असतं! भिंगापुढे आभाळ वरच की! मी तुला काच उलटी धरायला लावली. शेवटचा ताव होता गं. आता काय दाखवू तिला?"

बायको शेजारी टेकली. "ऐकलं कुणी तुमचं? तुम्ही खाली म्हटलंत की मी एकदा वर बघून घेते. इतकी वर्षं संसार असाच केलाय मी."

दोन दिवसांनी ताईनं फोटो हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. चष्मेवाल्यांचा जीव टांगणीला लागला.

"बाळ्या," तिचे डोळे भरून आले, "अरे, हेडमास्तर! अजून तस्सेच आहेत रे!" तिनं ढगावरून बोट फिरवलं. मग फोटो डोळ्यांजवळ नेला. "पण त्यांच्या डोक्यावर हा काळा ढग कसला? हा आपल्या वेळी नव्हता."

बायकोनं हळूच हात पाठीमागे नेला. "ताई, तो माझा अंगठा आहे."

ताई गुडघा धरून हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

"पुढच्या वेळी चौकट विसरणार नाही," चष्मेवाले ओशाळून पुटपुटले.

"चौकट विसरलास तरी चालेल," ताई डोळे पुसत म्हणाली. "हिला तेवढं विसरू नकोस."