न घडलेल्या गुन्ह्याचा दाखला

माझी बायको आर्डिस एप्रिलच्या अकरा तारखेला गेली आणि बारा तारखेला शेरीफचा माणूस तिची बंदूक न्यायला आला. त्यात त्याची काही चूक नव्हती. आर्डिस होती तोवर बंदूक तिची होती. ती गेल्यावर मृत्युपत्राप्रमाणे ती माझी झाली. पण माझ्या नावावर जुनी शिक्षा असल्यामुळे मला बंदूक बाळगायची बंदी. म्हणजे बंदूक माझी झाली त्याच क्षणी मी नव्याने गुन्हेगार झालो. ब्रेंट कुबिशने हे सगळं दारात उभं राहून, टोपी काढून समजावलं. लहानपणी आर्डिसने त्याला चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलं होतं.

"कपाटाची किल्ली कुठे असते हो, ऑर्विन?"

"तिच्या गळ्यात असायची. आता दवाखान्याने दिलेल्या पाकिटात आहे. मी ते उघडलेलं नाही."

"नका उघडू. किल्लीसुद्धा तुमच्या हातात नको." मग तो खाली बघत म्हणाला, "बाई फार चांगल्या होत्या."

त्याने पावती दिली. हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होण्याच्या आदल्या शुक्रवारपर्यंत सोडवून नेली नाही, तर बंदूक लिलावात जाणार होती.

गुन्हा असा. आमच्या बाजूला प्रत्येक गावाच्या वेशीवर एक अवाढव्य नकली प्राणी उभा असतो आणि दुसऱ्या गावाच्या प्राण्यावर डोळा ठेवणं हा शेजारधर्म समजतात. १९७८ साली, एकोणीस वर्षांचा असताना, मी ग्रीन्सबी गावाचा सोळा फुटी फायबरग्लासचा मासा पळवला. मासा मोठा होता म्हणून गुन्हाही मोठा ठरला. नव्वद दिवस तुरुंग आणि जन्मभर बंदुकीला बंदी.

मोसमाच्या पहिल्या शनिवारी आमच्याकडे दुकानं बंद असतात. पाद्रीसुद्धा शिकाऱ्याचं भगवं जाकीट घालून रानात असतो. घरी राहणाऱ्या पुरुषाला लोक तब्येत विचारतात. चव्वेचाळीस वर्षं आर्डिसने हरीण मारलं आणि मी ते ओढत आणलं. तिचा गाल टेकायचा तिथे बंदुकीच्या लाकडाचा रंग उडाला होता. दवाखान्यात ती म्हणाली, "ऑर्विन, तुझं ते नाव पुसून घे बाबा आता. माझी बंदूक परक्याच्या घरात जायला नको."

म्हणून मी अर्ज केला. जुलैत न्यायाधीशांनी तीन मिनिटांत शिक्षा रद्द केली. हा गुन्हा घडलाच नाही असे समजण्यात यावे, असं त्यांनी वाचून दाखवलं. मी थेट दफनभूमीत जाऊन तिला सांगितलं.

बंदूक परत मिळायच्या अर्जावर एकच महत्त्वाचा प्रश्न होता : आपणांस कधी शिक्षा झाली आहे काय? मी 'नाही' लिहिलं. ब्रेंटने संगणकावर बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"ऑर्विन, तुम्ही खोटं लिहिलंत. इथे 'हो' दिसतंय."

"न्यायाधीश म्हणाले, घडलंच नाही."

"आपलं राज्य विसरलंय हो. पण देशाच्या राजधानीतलं कार्यालय अजून विसरलेलं नाही."

"मग 'हो' लिहितो."

"तर ते राज्याच्या दृष्टीने खोटं."

"तिसरी चौकट आहे की खाली."

"ती कार्यालयीन उपयोगासाठी आहे."

राजधानीला विसरायला लावायचं तर मूळ निकालाची शिक्क्याची नक्कल पाठवावी लागते. मी न्यायालयाचं दप्तर सांभाळणाऱ्या टेस्मर बाईंकडे गेलो. त्या तिथे पन्नास वर्षं आहेत. त्यांनी तीन कपाटं उघडली.

"असा खटलाच नाही."

"बरं, मग पुसल्याचा हुकूम द्या."

"तो त्याच फायलीत होता. फाइल पुसली तेव्हा तोही गेला. काम अगदी चोख झालंय, ऑर्विन. एरवी लोक तक्रार करतात."

"अहो बाई, तो निकाल तुम्हीच टाइप केला होतात!"

"मला आठवतंय की. पण आठवायची परवानगी नाही." त्यांनी पेन उचललं. "आता आलाच आहात तर सांगा, त्या वर्षी नव्वद दिवस तुमचा पत्ता दिसत नाही. कुठे होतात?"

"तुरुंगात."

"कशाबद्दल?"

मी उघड्या कपाटांकडे बोट दाखवलं. त्यांनी लिहिलं : वास्तव्य, स्वखुशीने.

त्यात तसं खोटं काही नव्हतं. तुरुंगाच्या स्वयंपाकिणीची मुलगी रोज दुपारी रानतांदळाचं सूप घेऊन यायची. ती आर्डिस. सुटकेच्या दिवशी मला जावंसं वाटत नव्हतं.

टेस्मर बाईंनी दोन मार्ग सुचवले. पहिला, तोच मासा पुन्हा चोरायचा. मग ताजी शिक्षा होईल, तिची नक्कल मिळेल आणि रीतसर अर्ज करता येईल. मात्र त्याला वीस वर्षं थांबावं लागतं. दुसरा, गुन्हा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने शपथेवर सांगायचं की तो घडला होता.

असा माणूस एकच होता, लाइल. ट्रक त्याचा होता, कल्पना त्याची होती. पोलीस आले तेव्हा तो लघवीसाठी झुडपात गेला होता आणि बराच वेळ आला नाही. मी त्याचं नाव घेतलं नाही. आता तो गावच्या समितीवर आहे आणि मुलांना बंदूक सुरक्षितपणे कशी हाताळावी ते शिकवतो.

"लाइल, शपथेवर सांग की मी मासा चोरला."

"लेका, ते मी दर ख्रिसमसला सगळ्या गावाला सांगतो."

"कागदावर सांग."

तो डोकं खाजवत बसला. "कागदावर सांगितलं की विचारतील, तू तिथे काय करत होतास. ऑर्विन, तुझी एक बंदूक आहे. माझ्या तेवीस आहेत."

शुक्रवारी लिलाव झाला. आर्डिसची बंदूक लाइलने घेतली. शिक्षा झाली होती काय? नाही. संगणकही 'नाही' म्हणाला. दोन मिनिटांत काम झालं. तो तसाच माझ्याकडे आला, पायरीशी उभा राहिला. त्याचे डोळे खरोखर भरले होते.

"बघ म्हाताऱ्या, परक्याच्या घरात नाही जाऊ दिली."

मी हात पुढे केला.

"अंहं. लांबूनच बघ." तो दोन पावलं मागे सरला. "मी कायदा मोडत नसतो."

मी लांबून बघितलं. शनिवारी त्याने त्याच बंदुकीने हरीण मारलं आणि मी ते ओढत आणलं.

त्या अर्जाबद्दल माझी काही तक्रार नाही. तो फक्त शिक्षा झाली होती का एवढंच विचारतो. केलं होतं का, ते विचारत नाही. तुमच्यापुढे आला तर तुम्हीही बेधडक 'नाही' लिहा, खरंच असेल ते. सही करून झाली की क्षणभर आठवून बघा, तुमच्या वाटचे नव्वद दिवस कोण काढून आला. तुम्हाला आठवायची परवानगी आहे.