मिरच्यांच्या विधानसभेतले बेपत्ता अपक्ष

नंदुरबार जिल्ह्यात माझ्यासारखा गुप्तहेर दुसरा नाही. पहिलाही नाही, असं आमचे मुख्याध्यापक म्हणतात, पण त्यांचं पगारबिल मीच बनवतो, म्हणून हळू आवाजात म्हणतात. वरकरणी मी करणसिंग, शाळेचा लिपिक.

त्या शुक्रवारी सकाळी नागरिकशास्त्राच्या रूथ मॅडम धावत आल्या.

"भाऊसाहेब, आमदार गेले!"

नव्या विधानसभेचं बलाबल दाखवायला नववीच्या मुलींनी आठ दिवस खपून पुठ्ठ्यावर दोनशे अठ्ठ्याऐंशी मिरच्या टोचल्या होत्या. सत्ताधारी लाल, विरोधक हिरव्या, अपक्ष पांढुरक्या. अपक्षांच्या रांगेत आता नुसती भोकं. दहाला प्रदर्शनाचे परीक्षक येणार होते आणि पोरी रडकुंडीला आल्या होत्या. मॅडमही, खरं सांगायचं तर.

मी भोकांचा वास घेतला आणि तीनदा शिंकलो.

"पळवापळवी! फक्त अपक्षच गेलेत, म्हणजे हे आकडा जुळवणाऱ्याचं काम. सुरतेची गाडी तपासा."

"मिरच्या तिकीट काढून गेल्या?"

"विनातिकीट. पुरावा राहत नाही."

मग माझा संशय पोपटावर गेला. पोपट हिरव्या सोडून पांढऱ्या कशाला खाईल, असं मॅडमनी विचारलं.

"तो विरोधी पक्षाचा आहे. रंग बघा."

शेवटी विज्ञानाच्या योहान सरांचा डबा उघडला. वांग्याची भाजी निघाली. तपासासाठी मी अर्धी खाल्ली.

साडेनऊ वाजले. एक मुलगी हुंदके देऊ लागली, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. इतक्यात फुलवंताबाई झाडू घेऊन आल्या. शाळा झाडून झाली की त्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवतात त्या मैदानात, माल निवडायला जातात. बावीस वर्षं झाली.

"काय शोधी ऱ्हायनात, भाऊसाहेब?"

"अपक्ष."

"त्या फटक्या मिरच्या? मीच निवडी काढ्यात. चांगला मालमा पांढरी पडेल मिरची दिसनी का मन्हा हात थांबस नही. मुकादम बोलस ना!"

कोपऱ्यातल्या टोपलीत सगळे अपक्ष सुखरूप होते. मुलींनी पाऊण मिनिटाला एक या वेगाने त्यांना पुन्हा निवडून आणलं.

परीक्षक आले तेव्हा फुलवंताबाई भरलेल्या सभागृहाकडे निरखून बघत होत्या.

"ह्या बिनकामन्या म्हणीसन काढ्यात," त्या म्हणाल्या. "बाकीन्या समद्या चांगल्या शेतस का?"

परीक्षकांना हसू आवरेना. मुलींचा पहिला नंबर आला. बाकीच्या सगळ्या चांगल्या आहेत का, या बाईंच्या प्रश्नाचा तपास मात्र मी हाती घेतलेला नाही. तो आपल्या आवाक्यातला नाही.