दगडोजी नाइकांनी वरचे ठाणे घेतले आणि सोडले त्याची हकीकत

फुगलेली छाती. शिडी नाही. खाली तापले लोखंड. वर गार छप्पर. मधला मुलूख सगळा दगडांचा, घट्ट, तरी सरकता.

श्रीउष्मा समर्थ. उष्मशके अठ्ठावीस कोटी, संवत्सरास नाव ठेवायला कोणी जन्मले नव्हते, ते समयी भूमीच्या पोटातल्या त्या निनावी दौलतीच्या तळाला दगडोजी नाईक नामे थोर दगड नांदत होते. त्यांच्या बुडाशी लोहगाभ्याच्या आईसाहेबांचे तख्त. आईसाहेबांनी नाइकांस उष्णतेचा पोशाख बहाल केला, आणि नाईक तापले, आणि तापून फुगले, आणि फुगून शेजाऱ्यांहून हलके जाहले. त्या मुलखाचा रिवाज असा की, हलक्याने चढावे, जडाने उतरावे. नाइकांस वाटले, हा आपलाच पराक्रम. बोलिले, "आईसाहेब, वरचे ठाणे सर करतो. माघारी आलो तर नाव लावणार नाही!" आईसाहेब हसून म्हणाल्या, "जा बाबा. ऊब तेवढी वर पोचव." मग नाईक निघाले, आणि वाटेत गारोजीबाबा नामे वृद्ध दगड उतरताना भेटले. नाईक म्हणाले, "काय बाबा, ठाणे राखवले नाही काय?" बाबा इतकेच म्हणाले, "वरती गार आहे हो, नाईक."

मग नाईक छपराखाली पोचले, ऐसपैस पसरले, आणि ठाणे फत्ते जाहले. आणि आणलेली ऊब छपरास वाटत गेले, आणि ऊब सरली तसे अंग आकसले, आणि आकसले तसे जड जाहले. नाइकांनी दात रोवून धरले, कारण नाव जाणार होते. तरी ठाणे सुटले. मान खाली घालून उतरत असता एक ताजा तापलेला फत्तर समोरून चढत आला आणि म्हणाला, "काय नाईक, ठाणे राखवले नाही काय?" नाईक पाहतात तो काय, आपण हातभर उतरावे, तर तो हातभर चढतो, आपला भार खाली रेटतो, म्हणून त्यास वर वाट सुटते. मग आपण चढलो ते कोणाच्या भाराने? गारोजीबाबांच्या! नाइकांची मान ताठ जाहली. गरजले, "माझ्या वजनावर चढतोस, लेका! ऊब जपून ने. वरती गार आहे!" आणि छाती काढून आईसाहेबांपुढे रुजू जाहले.

"नाव काय सांगू?" आईसाहेबांनी पुसले.

"दगडोजी. चढलेला आणि उतरलेला."

एवंच, चढणे आणि उतरणे मिळून एकच कारभार, आणि त्यावर सारी दौलत चालती राहिली.

नाईक पहिल्याने निघाले तेव्हा त्यांचा वेग वर्षाला दोन बोटे होता.