शमुवेलकाका आणि भिंतीतली कुरकुर

सरावलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्याच्या भिंतीला कान लावायची मुभा एकाच माणसाला आहे. ते म्हणजे शमुवेलकाका. त्यांच्या हातात कायम एक फूटभर लांब स्क्रूड्रायव्हर असतो. टोक भिंतीवर, पाइपवर नाहीतर फ्रिजवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. नव्या भाडेकरूंना वाटतं, म्हातारा भूत शोधतोय. जुन्यांना ते नुसतं वाटत नाही, खात्री आहे.

काका तारापूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. चालू मशीनचं बेअरिंग आतून कसं आहे, हे फिटर असंच ऐकतात. "कुरकुरणारं बेरिंग वाचतं, बाय," ते सांगतात. "कुरकुरता कुरकुरता एकदम गप झालं ना, की समजायचं, जाम होनार." मी शेजारीच राहते, त्यामुळे हे व्याख्यान मला आठवड्यातून दोनदा फुकट मिळतं.

त्यांचा दुसरा नाद ग्रीकचा. बायबल मुळातून वाचायचं म्हणून त्यांनी टपालाने धडे मागवले होते. धडे संपले, भाषा विसरली, एकच क्रियापद उरलं: गोंगूझो. म्हणजे कुरकुर करणे. ते काका घशातून असं काही काढतात की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

"वरडायचं नाय, भांडायचं नाय. आतल्या आत," ते समजावतात. "मालकाला आवाज पोचावा, शब्द पोचू नये." बायबलात रानातल्या अन्नपाण्यावरून आपल्या पुढाऱ्यावर, मोशेवर चिडलेल्या लोकांना हाच शब्द, आणि येशूबद्दल गर्दीत दबक्या आवाजात बोलणाऱ्यांनाही हाच. येशूने सांगितलेली द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट तर त्यांनी बोईसरच्या रिक्षा स्टँडवरसुद्धा सांगितली. सकाळपासून राबलेले आणि संध्याकाळी उगवलेले, दोघांना मजुरी सारखीच, म्हणून सकाळचे कुरकुरले. सगळा स्टँड सकाळवाल्यांच्या बाजूने उभा राहिला. "चाचा, गलत क्या बोला उन्होंने?" काका खूश होऊन घरी आले.

काका भेटले की 'कसं काय' विचारत नाहीत. विचारतात, "काय दुखतंय?" चुकून 'सगळं ठीक' म्हटलंत, तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडतो. जिन्यातच बसवून घेतात. "काहीतरी असंल, बाय. कर ना कुरकुर." मग मी सासूबाईंपासून सुरुवात करते. कंबर आणि गॅस सिलिंडरपर्यंत पोचले की त्यांच्या जिवात जीव येतो.

पण कुरकुरीत मी मार्थाकाकूच्या पासंगालाही पुरणार नाही. मार्थाकाकू म्हणजे काकांची बायको. पाणी, डाळ, संध्याकाळी कारखान्यांकडून येणारा वास आणि सगळ्यात वर काकांचे बूट. "बूट घेऊन वट्यापर्यंत येतो हा मानूस!" हे तर रोजचं. शेवटी काकांनी ओट्याच्या वर बायबलमधलं एक वचन टांगलं, कुरकुर न करता सगळं करावं, अशा अर्थाचं. वर तिला ग्रीकसकट समजावून सांगितलं. काकू मानी बाई. गप्प झाली. चार महिने तिने ब्र काढला नाही आणि काकांनी प्रार्थनासभेत ते अभिमानाने सांगितलं.

एका सकाळी ती ओट्याशीच कोसळली, ती उठली नाही. डॉक्टरांनी विचारलं, छातीत किती दिवसांपासून दुखत होतं? तीस वर्षं यंत्रांची नाडी ऐकलेल्या माणसाला ते सांगता आलं नाही. वचन त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवलं. बूट आता सगळ्या घरभर फिरू लागले. अडवणारं कोण होतं?

शुक्रवारी इथे कारखान्यांना सुट्टी, आणि दुरुस्तीसाठी बरेचदा वीज बंद. पंखे, पंप, सगळं थांबतं. अशाच एका शुक्रवारी भर दुपारी काकांनी मला हाक मारली आणि ओट्यामागच्या भिंतीवर स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ माझ्या कानाशी धरली.

आधी काहीच नव्हतं. मग खोलवरून, घशातल्या घशात, आवाज आला. श्वास घेतल्यासारखा थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

"पारवे असतील, काका. डक्टमधले."

"पारव्यांच्या घुमन्याला पन ग्रीकमधी तोच शब्द हाय. पन गेल्या वरसी जाळी मारली ना? पारवे येतील कुठून?" मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मला शब्द लागत नाय, बाय. तुला कळंल. काय दुखतंय तिला? मी कधी विचारलंच नाय."

खरं सांगते, शब्द मलाही लागत नव्हते. भीती वाटत होती आणि त्या माणसाची कीव येत होती. मी मान खाली घातली, तर समोर धुळीने माखलेले बूट, पार ओट्याला टेकलेले.

"बूट घेऊन वट्यापर्यंत आला हा मानूस, म्हणते," मी ठोकून दिलं.

काका मटकन खाली बसले. बुटांच्या नाड्या मीच सोडल्या. ते अनवाणी उठले आणि बूट दाराबाहेर जोडीने ठेवून आले. मग त्यांनी पुन्हा कान लावला. बराच वेळ लावला.

"गप झाली," ते घाबरून म्हणाले.

पुढचा आठवडाभर काका माझ्याशी बोलले नाहीत. शुक्रवारी वीज गेली, तशी मला घरात बसवेना. त्यांचं दार उघडंच होतं. काका डोळे मिटून ओट्याशी उभे होते, मूठ कानाला. पायांत बूट होते. मुद्दाम कुठल्यातरी गटारातून फिरवून आणलेले. दारापासून ओट्यापर्यंत चिखलाची पावलं उमटली होती.

"थांब, बाय," ते कुजबुजले. "आता बोलंल."