पिस्ता कुर्ता आणि कानपिळीचा मान

कपड्यांच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस आख्ख्या नागापूर एमआयडीसीत नाही. हे मी अत्यंत नम्रपणे सांगतोय! कारखान्यात सगळ्यांना एकच निळा युनिफॉर्म आहे, पण त्यातसुद्धा माझी कॉलर बघून लोक विचारतात, "डेव्हिड, आज काही विशेष?"

माझ्या या कलेची कदर नसलेला एकच माणूस जिल्ह्यात आहे आणि नेमकी त्याचीच मुलगी मला आवडते. पॉल सर, निवृत्त शिक्षक, मुक्काम श्रीरामपूर. त्यांनी मला एकदाच पाहिलं होतं, तिथल्या चर्चमधल्या एका लग्नात. मी चमचमणारा जांभळा कोट घातला होता आणि डोळ्यांवर गॉगल होता. पुढे साराने घरी माझं नाव काढलं, तेव्हा सर म्हणाले, "तो जांभळा कोटवाला? ज्याला कुठे काय घालावं हे कळत नाही, त्याला संसारात कुठे काय बोलावं हे काय कळणार?" विषय संपला. सारा पप्पांच्या शब्दाबाहेर जाणारी नाही आणि मला दुसरी सारा नको होती.

अशात माझ्या शेजारच्या मशीनवरच्या गोरक्षनाथचं लग्न ठरलं. मुलगी पुणतांब्याची, आरती. पॉल सरांची नोकरी बरीच वर्षं पुणतांब्यात झालेली, त्यामुळे आरती त्यांची विद्यार्थिनी आणि साराची लहानपणापासूनची मैत्रीण. म्हणजे बापलेक दोघंही लग्नाला येणार!

साराचा फोन आला. "पप्पांना त्या दिवशी भेट. यानंतर मला पुन्हा त्यांच्यापुढे तुझं नाव काढता येणार नाही. साधे कपडे घाल."

"साधे म्हणजे कसे?"

"साधे म्हणजे साधे, डेव्हिड."

मी गोरक्षला विचारलं. तो म्हणाला, "काय बी घाल की. साधंच लगीन हाय, घरापुढं मांडव. तुझा त्यो जांभळा कोट घाल, लई भारी हाय त्यो." जगात त्या कोटाचा एवढाच एक चाहता. त्याचा सल्ला मी तिथल्या तिथे सोडून दिला.

साधं दिसणं हे किती अवघड काम आहे, हे मला त्या आठवड्यात कळलं. पांढरा शर्ट-पांढरी पँट घालून आरशासमोर उभा राहिलो, तर खोलीतला अजिनाथ म्हणाला, "मागं दोन गाड्या लाव, लोक रस्त्याचं निवेदन आणून देतील." सूट घातला, तर म्हणाला, "मे महिन्यात? नवरदेवाच्या आधी तुलाच मांडवात वारा घालावा लागंल." जीन्स आणि टी-शर्ट घातला. त्याने नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "डीजेच्या वायरी कुठं ठेवल्यास?"

शेवटी मी कापड बाजार गाठला. तिथे तो दिसला. पिस्ता रंगाचा सुती कुर्ता! ना भपका, ना जरी. घातल्याबरोबर माणूस विश्वासू वाटायला लागतो.

"हा एकच उरलाय," दुकानदार म्हणाला. "बाकीचे हातोहात गेले."

मी मनात म्हटलं, नगरच्या लोकांना चांगलं काय ते कळतं. पैसे दिले आणि बाहेर पडलो. ते हातोहात कुणाच्या हाती गेले, हे विचारायला हवं होतं.

लग्नाच्या दिवशी मोटरसायकल पुणतांब्यात शिरली आणि मांडवाच्या कमानीखाली माझा पाय जमिनीला चिकटला. समोर पिस्ता कुर्ता. त्याच्या शेजारी पिस्ता कुर्ता. पाण्याचे जार उतरवणारे पिस्ता, खुर्च्या मांडणारे पिस्ता, चुलीपाशी खोकणारे म्हातारे आजोबाही पिस्ता! आरतीच्या वडिलांनी आख्ख्या भावकीला एकसारखे कुर्ते घेतले होते आणि त्यातला उरलेला एक मी घालून आलो होतो, नवरदेवाकडचा पाहुणा म्हणून!

मागे फिरावं म्हणून वळलो, तर मनगट कुणीतरी धरलं. आरतीची आत्या, रंगुबाई. पुढे मला कळलं, की मांडवातलं पानसुद्धा त्यांच्या परवानगीशिवाय हलत नव्हतं.

"आरं, हितं काय उभा? वऱ्हाड आलं की! फेटा कुठाय तुझा?"

"काकू, मी नवरदेवाकडचा..."

"नवरदेवाकडं मागनं बघ. आदी फेटा बांध."

एका माणसाने माझ्या डोक्याला असा फेटा आवळला, की भुवया दिसेनात. नवरदेवाच्या वाजंत्र्यांपुढे मी पिस्ता सैन्यात उभा राहिलो आणि माझ्याच कारखान्यातल्या मित्रांवर गुलाबपाणी शिंपडलं. एकानेही ओळखलं नाही. उलट एक जण म्हणाला, "ओ पाव्हणं, जरा थंड पानी आना." मी आणून दिलं!

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या आणि पहिली पंगत बसली. स्टेजवर गुरुजींचे विधी सुरू झाले. पाहुणे अंदाजापेक्षा जास्त आले होते म्हणून नवरीचा सख्खा भाऊ भिमाजी टेम्पो घेऊन बर्फ आणायला गेला. त्याच्या हातातली आमटीची बादली रंगुबाईंनी माझ्या हातात दिली.

"काकू, ऐका ना, मी खरं म्हणजे..."

"खरं म्हंजी आमटी गार व्हायली. चल."

मी वाकून वाढत निघालो. चार पानं झाली आणि पाचव्या पानावर पॉल सर! शेजारी सारा. तिने मला पाहिलं, माझ्या फेट्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं आणि तिचा घास तोंडापाशीच थांबला.

सरांनी मात्र वर पाहून समाधानाने मान हलवली. "वा! मघापासून बघतोय तुझं. सांडत नाहीस, आग्रह करतोस, पण कुणाच्या गळ्यात पडत नाहीस. आरतीचा भाऊ का?"

"आमटी घ्या ना, सर."

"घेतो. आजकाल अशी मुलं राहिली नाहीत. आमच्या साराच्या मागे एक जण लागलाय. जांभळा कोट घालतो."

"अरेरे," मी म्हणालो.

"वर गॉगल."

"वाईट वाटतं ऐकून, सर."

"तुझ्यासारखा साधा, नीटनेटका मुलगा असता, तर मी काही म्हणालो नसतो. उठून आशीर्वाद दिला असता."

साराला जोराचा ठसका लागला. मी तिला पाणी दिलं आणि बादली उचलून पुढे पळालो. आता खरं सांगायचं कसं? मी आरतीचा भाऊ नाही म्हटलं, तर सर विचारणार, मग कोण? आणि त्या एका उत्तरावर माझा सगळा संसार सुरू होण्याआधीच आटोपणार. म्हणून मी वाढत राहिलो. आमटी संपली, भात वाढला. भात संपला, बुंदी वाढली. बुंदी संपल्यावर उष्ट्या पत्रावळी उचलल्या. जो माणूस कधी स्वतःचं ताट उचलत नाही, त्याने त्या दिवशी आख्खी पंगत उचलली!

तेवढ्यात स्पीकरवरून गुरुजींचा आवाज आला. "नवरीचे बंधू कानपिळीला या."

कानपिळी म्हणजे नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं, आणि नवरदेवाने त्याला मानाचा पोशाख द्यायचा. भिमाजी बर्फासोबत कुठेतरी अडकला होता. गुरुजींना पुढचं लग्न गाठायचं होतं. रंगुबाईंनी मांडवावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

"ह्यो बग. मघापासून एकट्यानं पंगत वढतोय. चल रं, तूच पिळ."

"काकू, माझा तो हक्क नाही हो..."

"भावकीतला कुनी बी पिळतो. लाजू नगं."

आणि मला स्टेजवर ढकललं. पाटावर गोरक्ष बसला होता. मुंडावळ्यांमागे तो निवांत हसत होता. त्याला बघितलं आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमलं. काय बी घाल की! साधंच लगीन हाय! याच माणसाने मला भावकीच्या कुर्त्यांबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी त्याचा कान धरला आणि मनापासून पिळला.

"आयाया!" गोरक्ष ओरडला. गुरुजींच्या गळ्यात माईक होता, त्यामुळे ते गोदावरीच्या पलीकडेही ऐकू गेलं असणार. त्याने वर पाहिलं आणि मला ओळखलं. "डेव्हिड्या भिंगारदिवे! लेका, सोड की कान! तू माझ्याकडचा का तिच्याकडचा?"

जेवून खुर्चीवर बसलेले पॉल सर उभे राहिले. त्यांच्या हातात पानाचा विडा होता, तो तसाच राहिला. साराने डोळे मिटून घेतले.

"कोन डेव्हिड?" रंगुबाईंनी विचारलं.

मी फेटा कपाळावरून मागे सारला. "मी, काकू. नवरदेवाचा मित्र. सकाळपासून तेच सांगतोय."

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "मंग आमटी कोनी वाढली?"

"मी."

"पत्रावळ्या कोनी उचलल्या?"

"मी."

"आन् कान कोनी पिळला?"

"मीच."

"मंग तू आरतीचा भाऊ. पिळलेला कान काय परत सरळ करता येतो व्हय?"

पाटावरून आरती म्हणाली, "दादा, अजून एकदा पिळ. कमी पिळलास." मांडव हास्याने दणाणला! मीही हसलो. खरं सांगतो, मला सख्खी बहीण नाही. त्या ‘दादा’साठी मी आणखी एक पंगत वाढली असती.

पण पॉल सर हसत नव्हते. ते स्टेजपाशी आले. मी पायांकडे बघत उभा राहिलो.

"मास्तर," रंगुबाई म्हणाल्या, "पंगतीत तुमी काय म्हनत हुता? असा पोरगा असता तर आशीर्वाद दिला असता. म्या मागंच हुते."

"तेव्हा हा कोण ते मला माहीत नव्हतं," सर म्हणाले.

"आता झालं की म्हाईत. पोरगा तर त्योच हाय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माझ्या कुर्त्यावरचा आमटीचा डाग बघितला. मग साराकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते लपवत नव्हती.

"रविवारी घरी या," सर मला म्हणाले. "चहाला."

जिंकलो! मला तिथेच फेटा उडवावासा वाटला, पण तो निघत नव्हता.

तेवढ्यात गोरक्षने एका हाताने कान चोळत दुसऱ्या हाताने एक खोकं पुढे केलं. "घे मेव्हण्या. कानपिळीचा पोशाख. भिमाजीसाठी घेतला हुता, पर मान तुझा हाय. तुझ्यावरनंच सुचला मला."

मी सगळ्यांसमोर झाकण उघडलं. आत चमचमणारा जांभळा कोट होता!

पॉल सरांनी त्या कोटाची बाही बोटांनी चाचपून पाहिली. मग ते हळूच म्हणाले, "रविवारी हाच घालून या. मानाचा पोशाख कपाटात ठेवायचा नसतो."

आणि मी घालून गेलो. लग्न ठरलं, तारीखही ठरली, रंगुबाई करवली म्हणून मिरवणार आहेत. फक्त एक गोष्ट आपल्यातच राहू द्या. भिमाजी अंगाने माझ्या निम्मा आहे. त्याच्या मापाचा कोट बटणं लावून घातल्यामुळे मी सगळा वेळ पोट आत ओढून बसलो होतो आणि माझ्या तोंडातून ‘हो, सर’ याशिवाय शब्द निघत नव्हता. सारा म्हणते, पप्पांना नेमकं तेच आवडलं.