तात्यांचा आहेर

सांगलीत माझं बिऱ्हाड टिकलं ते गल्लीतल्या तात्यांमुळं, हे आधी सांगते, मग बाकीचं.

लग्न असो, बारसं असो, तात्यांचा आहेर एकच : बरणीत चार गप्पी मासे. "साडी फाटती, भांडं चेपतं. ह्ये डासांच्या अळ्या खात्यात, जन्माची दवा!" नवरी रुसते, भटजी सरकून बसतात, तात्या बरणी अक्षतांशेजारी ठेवून पंगतीला जातात.

दर शनिवारी गल्लीचा कोरडा दिवस. साठवलेलं पाणी ओतायचं, भांडी पुसून पालथी घालायची. तात्या बॅटरी घेऊन दारोदार. पिंपात वाकून अळ्यांना विचारणार, "काय रं, शाळा भरली का?" आणि मग घरच्या बाईवर ओरडणार, "ओत! आत्ता ओत!"

मी म्हसवडकडची. माझी शाळा सातवीत सुटली ती पाण्यापायी. टँकर आला की घागर घेऊन पळायचं. इथं नळाला रोज पाणी, पलीकडं कृष्णा, तरी माझे हात थांबेनात. पिंपं, कळशा, कुकरसुद्धा भरून ठेवायची. उद्या न्हाई आलं तर? शनिवारी पिंपांवर गोधडी टाकून वर पापड वाळत घालायची.

मग शेजारच्या पोराला डेंग्यू झाला. पोरगं बरं झालं, पण घरमालकीण काकू तात्यांना घेऊनच दारात. "पिंपं तरी जातील, न्हाईतर तू तरी."

तात्यांनी पापडांसकट गोधडी उचलली. "शाळा कुठली, कॉलेज भरलंय!"

मी बादली बुडवली, पण गटारीत ओतवेना. रडूच फुटलं. तात्या ओरडले नाहीत.

"कुठली गं तू?"

"माणदेशातली."

"मग कशी ओतशील!" ते काकूंकडं वळले. "आवं, एक पिंप ऱ्हाऊ द्या. मी मासे सोडतो. अळी दिसली तर माझं बिऱ्हाड भाईर काढा."

बाकीचं सगळं पाणी त्यांनी स्वतः बादलीबादलीनं रस्त्यावरच्या कडुलिंबांना घातलं. थेंब गटारीत जाऊ दिला नाही. सत्तरीचा माणूस, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, आणि वर मलाच दम, "बघत काय बसलीस? च्या टाक!"

तेव्हापासून दर शनिवारी येतात. पिंपात बघतात, चहा पितात, तासभर बसतात. परवा मीच म्हटलं, "आवं तात्या, आता अळी औषधाला न्हाई. उन्हातनं कशाला येता?"

ते पिंपातच बघत राहिले. "मला बघून लोक पिंपं पालथी घालत्यात अन् दार लावून घेत्यात. बसा म्हणणारं ह्ये एकच घर हाय, पोरी."

मी चहात आणखी दूध घातलं.

एक दिवस त्यांना म्हसवडला, सिद्धनाथाच्या यात्रेला, आमच्या घरी नेणार आहे. तिथं पाणी बेतानं मिळेल, पण माणसं लय. तात्यांना गप्पांतनं कुणी लवकर उठू देणार नाही.